गाडी लागली

कोल्हापूरच्या स्टँडवर "रत्नागिरी लागली, रत्नागिरी लागली" अशी हाळी उठली आणि माझ्या पोटात तिथंच, फलाटावर, ढवळलं. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. पण मला आंबा घाटाची नुसती आठवण पुरते.

मराठीत गाडी फलाटाला लागते आणि माणसाला गाडी लागते. बोटीचंही तेच. ही गंमत आईची, माझी नव्हे. ती म्हणते, "मला बोट कधी लागली नाही. रत्नागिरीला लागायची तेवढीच." मग माझ्याकडं बघून हसते, कारण तिची मुलगी बावन्न वर्षांची घोडी झाली तरी एसटीत तोंडाला रुमाल लावून बसते.

आई आता ७८ वर्षांची आहे. वाढली गिरगावात, पण आजोळ रत्नागिरी. मे महिन्याची सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावरून बोट, आणि हर्णे, दाभोळ, जयगड असे थांबे घेत रत्नागिरी. १९६९ ला लग्न होऊन ती कोल्हापुरात आली, आणि तेव्हापासून रत्नागिरी म्हणजे एसटी. लहानपणी मला या प्रवासाचं कौतुक वाटायचं, पण आईच्या कपाळाला आठी असायची. "मागच्या दारानं जातोय आपण," असं ती म्हणायची. बंदराच्या गावाचं तोंड समुद्राकडं असतं आणि कोल्हापूरवाले परसातून शिरतात, असा तिचा हिशेब.

या वेळचं निमित्त मावशीचं. मावशी म्हणजे आईची मामेबहीण, राहायला मांडवीच्या वाटेवर. गुडघ्यांनी ती घरात बसलीय. फोनवर दोघींचं ठरलं की जिला चालता येतं तिनं जायचं. मुलगा म्हणाला, भाड्यानं गाडी करून देतो. आई म्हणाली, "एसटी फुकट असताना?" पंचाहत्तरीपुढच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीट नाही, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं. म्हणजे आरक्षणाचा आकार सोडला तर आम्ही दोघी मिळून अर्ध्या तिकिटात समुद्र गाठणार होतो. यापुढं कुणाच्या गाडीचा काय टिकाव लागणार.

आरक्षण मोबाइलवर मीच केलं. जागा निवडायचं माझं शास्त्र ठरलेलं आहे. मागच्या चाकावर आणि त्याच्या मागं बसायचं नाही, तिथं प्रत्येक खड्डा दोनदा लागतो. अगदी पुढंही नको, तिथं इंजिनाची धग आणि डिझेलचा वास. तिसरी किंवा चौथी ओळ. आणि खिडकी माझी, यावर वाद नको. आईनं वाद घातलाच. शेवटी तह झाला: जाताना खिडकी माझी, येताना तिची. या तहाचे परिणाम पुढं भोगावे लागले, पण ते ओघानं येईल.

आदल्या रात्री हलकं जेवण. सकाळी फक्त दोन बिस्किटं आणि कपभर कोरा चहा. दूध नाही. निघायच्या आधी गोळी. पर्समध्ये लिंबू, आलेपाक, ओव्याची पुरचुंडी, आणि चार प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीला भोक नाही ना ते फुंकून बघितलेल्या. या शेवटच्या कामात मी एकदा कमी पडले होते, ती आठवण इथं सांगत नाही.

गाडी फलाटाला लागली तशी दोन-तीन रुमाल खिडक्यांतून आत पडलेच. आरक्षण आलं, यंत्रावरची तिकिटं आली, तरी रुमाल टाकून जागा धरायचं काही सुटत नाही. आमच्या जागेवरही एक पंचा येऊन पडला होता. पंच्याचे मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "बसा की आज्जी, माझा काय सातबारा न्हाई त्यावर." कंडक्टरनं यादीत नावं बघितली, आईचं आधार कार्ड बघितलं, परत आईकडं बघितलं. "अठ्ठ्याहत्तर वाटत न्हाई आज्जी." आई खूष. घाटापर्यंत ती या एका वाक्यावर होती.

शिवाजी पूल ओलांडला की कोल्हापूर संपतं, आणि थोड्याच वेळात पहिली रत्नागिरी लागते. जोतिबाच्या डोंगराचं गाव म्हणजे वाडी रत्नागिरी. लहानपणी मी तो डोंगर दिसला की "आली का?" विचारायचे आणि अजून सगळा सह्याद्री शिल्लक असायचा. वाघबिळाला पन्हाळ्याचा फाटा डावीकडं जातो. मग बोरपाडळे, बांबवडे. डिसेंबर असल्यामुळं ऊसतोड जोरात होती. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा डोंगर, आणि मागं आमची गाडी ताटकळत. त्यात चौपदरीकरणाची वळवावळवी. मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात याला. मला हे नाव आवडतं, कारण मिऱ्या हे रत्नागिरीचं बंदर. सगळे म्हणतात रस्ता कोकणात जातो. नावाप्रमाणं बघितलं तर तो बंदरातून निघून नागपूरला जातो.

मलकापूरला गाडी थांबली. लोक उतरले, चहा घेतला, भज्यांची कागदं हातात घेऊन परत चढले. गरम तेलाचा वास गाडीत भरला आणि मी लिंबू हुंगायला सुरुवात केली.

आंबा गावापर्यंत रस्ता झाडीतून जातो, तिथंच विशाळगड आणि पावनखिंडीचा फाटा. तिथपर्यंत थंडी होती, आईनं शाल पांघरली होती. मग एक वळण येतं आणि जमीन खाली सोडून देते. समोर दरी, पलीकडं डोंगरांच्या निळ्या घड्या, आणि मध्ये आमची लाल गाडी. जुलै २०२१ च्या पावसात हाच घाट दरडी कोसळून बंद पडला होता. कड्याच्या पोटाला खरवडल्यासारख्या खुणा बघत मी पहिली दोन वळणं काढली. तिसऱ्याला गाडी लागली. म्हणजे मला.

त्याचं वर्णन करत नाही. पिशवी उपयोगी पडली. कंडक्टरनं मागं वळूनही बघितलं नाही, त्याला रोजचंच. पंचावाल्या काकांनी चिंचेची गोळी पुढं केली. आईनं पाठीवर हात फिरवला आणि मग तिनं मला जे सांगितलं ते गेल्या पन्नास वर्षांत का सांगितलं नव्हतं, ते तिलाच ठाऊक.

"डोळे मिटू नकोस. गाडीत बघू नकोस. लांब बघ."

"लांब कुठं?"

"हलत नाही ते बघ. बोटीवर खलाशी सांगायचे, पाण्याकडं बघू नका, किनाऱ्याकडं बघा. पाण्याकडं बघणारे सगळे ओकायचे."

मी समोरच्या डोंगराची कड धरली. गाडी डावीकडं वळली की कड उजवीकडच्या खिडक्यांत जायची, मी मानेनं तिच्यामागं. शेजारून बघणाऱ्याला मी गाडीत काही हरवलेलं शोधतेय असं वाटलं असेल. पण पोट बसलं. कान म्हणतात हलतंय, डोळे म्हणतात पुस्तक किंवा पुढची सीट स्थिर आहे, आणि या भांडणात पोट मधल्या मध्ये मारलं जातं. डोळ्यांनाही हालचाल दिसली की भांडण मिटतं, हे मी शाळेत शिकवलेलंसुद्धा आहे. स्वतःवर करून बघायला बोटीवरच्या खलाशाचा निरोप यावा लागला.

साखरप्याला घाट संपतो. शाल पिशवीत गेली, अंगाला चिकट हवा लागली. इथं काजळी नदी भेटते. ती रस्त्यासारखी सरळ जात नाही, आपल्या चालीनं वळत वळत भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते. आमच्यापेक्षा तिचा रस्ता बरा, एकही गतिरोधक नाही. दाभोळे, नाणीज मागं पडलं. काळी माती जाऊन जांभा सुरू झाला. घरांच्या भिंती, बागांचे गडगे, विहिरीची कडा, सगळं त्या एका तांबड्या चिऱ्याचं. पालीला मुंबई-गोवा महामार्ग आला, हातखंब्याला तो परत सोडला. कुवारबाव, मारुती मंदिर, आणि सव्वाबाराच्या सुमाराला रत्नागिरी स्टँड. आईनं पदर सारखा केला आणि नाकानं हवा ओढली. "वास येतोय," ती म्हणाली. मला फक्त डिझेलचा येत होता.

मावशीकडचं जेवण, मावशीचं "किती सुकलीस गो", दोघींचं रात्री दोनपर्यंत जागणं, हे घरोघरी असतं तसंच. एवढंच सांगते की मधूनमधून त्या बोटीवर यायच्या. आईची आजी बोटीला आगबोट म्हणायची आणि चढण्याआधी समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. त्याला कारण होतं. आई जन्मली त्याच वर्षी, १७ जुलै १९४७ ला, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं कोकणातल्या घरांत बोटीचं तिकीट काढताना ते नाव तोंडातून काढायचं नाही, असा दंडक होता. तरी बोट सुटली नाही, कारण दुसरं होतं काय? पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या बोटी बंद. मग चार महिने कोकणातल्यांनी कोकणात आणि मुंबईकरांनी मुंबईत.

रत्नागिरीला बोट धक्क्यापर्यंत यायची नाही, हे मला त्या रात्री कळलं. ती खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे आणि माणसं, ट्रंका, लोणच्याच्या बरण्या, रडणारी पोरं सगळी शिडीवरून त्यात उतरायची. पडाव लाटेवर वर आला की पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचं. आई आठ वर्षांची असताना तिनं पडाव खाली जाताना पाय टाकला. खलाशानं दंड धरला. मावशी म्हणाली, "चप्पल गेली होती ना गो तुझी?" आई म्हणाली, "एकच गेली. दुसरी मी रागानं फेकली." सत्तर वर्षांमागची चप्पल, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आईला मिरकरवाड्याला घेऊन गेले. रिक्षावाल्यानं "मासळीला का?" एवढंच विचारलं. धक्क्याला मच्छीमार बोटी एकीला एक लागून उभ्या होत्या, इतक्या की पाचव्या बोटीवरचा माणूस चार बोटींवरून उड्या मारत धक्क्यावर येतो. बर्फ फोडायचा आवाज, हातगाड्यांची धावपळ, वर घारी. खलाशांत नेपाळी पोरं बरीच. हिमालयातून येऊन अरबी समुद्रात जाळं ओढणारी ही पोरं मला दर वेळी थक्क करतात. त्यांना बोट लागत असेल का, हे विचारायचं राहिलं.

एका कडेला एक म्हातारे मियाँ जाळं दुरुस्त करत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा काठ ताणून धरलेला, हातात सुई, आणि फाटकं घर दिसलं की दोन वेढे, एक गाठ, पुढचं घर. सुईकडं बघायची गरजच नव्हती, ते आईकडं बघून बोलत होते. पूर्वी दालदी लोकांचे, म्हणजे इथल्या मुसलमान मच्छीमारांचे, पडाव इथून बोटीपर्यंत जायचे, असं आईनं म्हणताच त्यांची सुई थांबली. त्यांचे वडील पडावावर होते. मग काय, पंधरा मिनिटं गप्पा. बोलणं आजच्यावर आलं तसा त्यांचा सूर बदलला. पर्ससीनची मोठी जाळी, एलईडी दिवे लावून मासा ओढणारे. दिव्यांच्या मासेमारीला बंदी आहे, पण बंदी कागदावर नि दिवे पाण्यावर, असं त्यांचं म्हणणं. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटी वर ओढायच्या असतात. "तेवढे दोन म्हयने मासा आणि मी सारखेच निवांत," ते म्हणाले.

बांगड्याचा वाटा शंभरला घेतला. मासेवालीनं पाच मोजले, आईनं सहावा उचलून स्वतःच पिशवीत टाकला. दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि व्यवहार मान्य झाला.

मिऱ्याला गेलो ते जहाज बघायला. जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज नांगरावरून सुटून मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं, आणि मग वर्षानुवर्षं तिथंच राहिलं. लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. आई म्हणाली, "ही मात्र नीट लागली." थिबा राजवाडा रिक्षातूनच दाखवला. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, १८८५ ला गादी गेली, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला, १९१० च्या सुमारास हा वाडा बांधून दिला आणि १९१६ ला तो इथंच गेला. आईला आत जायचं नव्हतं. "तो पुढच्या दारानं आला, पण बाहेर पडायचं दारच नव्हतं त्याला," म्हणाली आणि रिक्षा वळवायला सांगितली.

संध्याकाळी मांडवी. इथल्या कमानीला लोक गेटवे ऑफ रत्नागिरी म्हणतात. भेळेच्या गाड्या, घोड्यावर बसवून घ्यायला हट्ट करणारी मुलं, काळसर वाळू. या बाजूला काळा समुद्र, रत्नदुर्गाच्या पलीकडं पांढरा. मावशी रिक्षातच बसली, तिथून तिला सगळं दिसत होतं आणि मुख्य म्हणजे भेळ हातात मिळत होती. आई आणि मी जेट्टीवर चालत गेलो. सगळे लोक कठड्याशी उभे राहून सूर्याकडं मोबाइल धरून होते. आई टोकापर्यंत गेली, कठड्याला पाठ लावली आणि समुद्राकडं पाठ करून उभी राहिली.

मला वाटलं चक्कर आली. दंड धरायला गेले तर तिनं हात झटकला.

"बोटीवरून असं दिसायचं," ती म्हणाली. डावीकडं किल्ल्याचा डोंगर, मध्ये माडांतून डोकावणारं गाव, उजवीकडं राजिवड्याकडं वळत खाडीत शिरणारं पाणी. मी रत्नागिरीला पंधरा-वीस वेळा तरी गेले असेन, पण या बाजूनं गावाचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. मी नेहमी समुद्र बघायला यायचे. माडांच्या मागं इमारती उभ्या राहिल्यात, मोबाइलचे मनोरे आहेत, आईला ते दिसत असतील किंवा नसतीलही. ती बोटानं काहीतरी मोजत होती. बराच वेळ तशी उभी होती. शेजारच्या एका मुलानं "आजी, सूर्य तिकडं आहे" असं तिला नम्रपणे सांगितलं. तिनं त्याला "हो रे बाळा" म्हटलं आणि जागची हलली नाही.

परतीला तहाप्रमाणं खिडकी आईची. चढताना मला फारसं लागत नाही, तरी गोळी घेतली होती. साखरपा सोडून गाडी घाटाला लागली, खिडक्या थंडीनं बंद झाल्या, आणि हळूहळू एक वास गाडीत पसरला. आधी मला वाटलं माझाच भ्रम. मग मागून कुणीतरी खोकलं. पुढच्या बाईंनी नाकाला पदर लावला. कंडक्टर उठला आणि मधल्या जागेत उभा राहून म्हणाला, "सुकं कुणाच्या पिशवीत हाय वो?"

कुणी बोलेना. मावशीनं निघताना आईच्या पिशवीत काहीतरी कोंबताना मी बघितलं होतं, मला वाटलं आंबोळीचं पीठ. मी वाकून पिशवीला हात लावला. वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत सुके बांगडे, आणि त्यांवर माझीच आलेपाकाची पुडी.

"आई," मी दातांतून म्हटलं. पोटात ढवळायला सुरुवात झाली होती.

आई खिडकीतून बाहेर, दरीपलीकडच्या डोंगराकडं बघत होती.

"लांब बघ," ती म्हणाली.